मदत हवी आहे: हे अ‍ॅस्टर की शेवंती?

मिश्र बियांमधून उगवलेलं एक रोप ओळखता येत नाहीये. सोबतची बाकीची ओळखली. झेंडू पानाच्या वासावरून, कॉसमॉस शेपूसारख्या बारीक पानांवरून, आणि झिनिया समोरासमोर जोडीने येणाऱ्या, देठ नसलेल्या खरखरीत पानांवरून. हे एकच राहिलंय.

उंची साधारण दीड फूट. पानं एकाआड एक, कडा मोठ्या दात्यांच्या. फूल जांभळं, मध्यभागी पिवळी टिकली. आधी मला शेवंतीच वाटली होती. पण शेवंतीचं पान चुरडलं की तो उग्र, औषधी वास लगेच बोटांना लागतो, इथे तसं काहीच नाही. आणि फूल उलटं करून पाहिलं तर पाकळ्यांच्या खाली लांबट हिरव्या पानांची चक्क झालर आहे! शेवंतीत तिथे छोटे, घट्ट चिकटलेले खवले असतात ना? (पाकळी म्हणतोय खरा, पण या कुळात प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूलच.)

त्यामुळे माझा कल अ‍ॅस्टरकडे आहे. ज्यांनी दोन्ही लावलीयेत त्यांनी प्लीज सांगा, या झालरीवरून खात्रीने अ‍ॅस्टर म्हणता येईल का? अजून कुठली खूण बघू?

घाई एवढ्यासाठीच की अ‍ॅस्टर हंगामी, बी धरून वाळतं. तसं असेल तर दोन फुलं न खुडता बियांसाठी ठेवेन. शेवंती असेल तर मुळाशी फुटणारे धुमारे जपायला हवेत. रंग इतका सुरेख आहे की हे रोप हातचं जाऊ द्यायचं नाहीये.