जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या कॅरॅव्हॅनची घरी दुरुस्ती: कामाची सुरुवात कोठून करावी?

सूतरंगारी, सोलापूर

नमस्कार. यंदा गड्ड्याची यात्रा संपल्यावर मी मोटारीच्या मागे जोडून ओढण्याची एक जुनी कॅरॅव्हॅन विकत घेतली असून तिच्या दुरुस्तीबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. माढा तालुक्यातील एका वस्तीवर चिंचेच्या झाडाखाली ती कित्येक वर्षे उभी होती. उजनी धरणाचे काम चालू असताना एका कंत्राटदाराचे अभियंते तिच्यात मुक्कामाला असत आणि १९८० मध्ये धरण पूर्ण झाल्यावर ती तेथेच राहिली, एवढी माहिती विकणाऱ्या कुटुंबाने दिली. बनावटीची पाटी गेली आहे. तिच्या जागी रिवेटची चार रिकामी भोके उरली आहेत. चासी लोखंडी आहे, लांबी १८ फूट आहे, आणि बाहेरून दिसते ते सारे अंग अ‍ॅल्युमिनियमचे आहे: कोपरे गोलाकार, पत्र्यांचे जोड एकावर एक चढवलेले आणि त्यांवर गोल डोक्याच्या रिवेटच्या सरळ ओळी.

आतील पत्र्याचा एक तुकडा उघडला तेव्हा मागे भरलेली ग्लासवूल ओली निघाली. उंदरांनी तिच्यात घरटी केली होती. तिच्यामागे बाह्य पत्र्याच्या आतल्या अंगाला पिवळट हिरवा रंग दिसला. दाराजवळ आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात पाय ठेवला की तळाचे प्लायवूड दबते.

माझा सूत रंगवण्याचा व्यवसाय असल्यामुळे कॉस्टिक सोडा हाताशी असतो. पत्र्यावरचा करडा थर लवकर निघावा म्हणून मी खिडकीखाली तळहाताएवढ्या जागेवर कॉस्टिकचे पाणी बोळ्याने लावले. लगेच फसफसून बुडबुडे आले. दोन-तीन मिनिटांनी धुतले तेव्हा ती जागा पांढुरकी झाली होती. परंतु शेजारी पत्रा फाटून कड उघडी पडली आहे, तेथे कापडाचे धागे मोजायचे भिंग लावून पाहिले असता जाडीच्या मधोमध काळी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना केसासारखी बारीक पांढरी कड दिसली. ही रेघ कशाची आहे, याच रीतीने सबंध पत्रा उजळावा काय, आणि वरचे अंग न उचलता तळाचे प्लायवूड बदलता येते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यास मी आभारी राहीन.

आईचे गुडघे फार दुखतात आणि परक्या जागी तिला झोप लागत नाही. एवढ्या जवळ राहूनही हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर उतरणारे रोहित पक्षी तिने कधी पाहिलेले नाहीत. दिवाळीपर्यंत गाडी तयार व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

पत्राकाम, नाशिक

कॉस्टिकचा वापर आपण आजच थांबवावा. केलेल्या प्रयोगातून मात्र एक मोलाची गोष्ट कळली आहे. मी ३२ वर्षे विमानांच्या पत्र्याचे काम केले, आणि पत्रा ओळखायचा असला की आम्ही हीच परीक्षा कडेवर एका थेंबाने करत असू. तांबे मिसळलेला अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू कॉस्टिकने काळा पडतो; शुद्ध अ‍ॅल्युमिनियम पांढरेच राहते. आपल्याला मधोमध काळी रेघ आणि दोन्ही अंगांना पांढरी कड दिसली, याचा अर्थ आपला पत्रा अल्क्लॅड जातीचा आहे. मधल्या गाभ्यात चार ते पाच टक्क्यांच्या आसपास तांबे असते, त्याने पत्र्याला ताकद येते. पण तांब्यामुळेच तो गंजाला लवकर बळी पडतो, म्हणून दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर चढवलेला असतो. पातळ पत्र्यात हा थर प्रत्येक बाजूला एकूण जाडीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे पत्रा ०.८ मिलिमीटरचा असेल तर थर सुमारे ०.०४ मिलिमीटर, वहीच्या पानाहूनही पातळ. कॉस्टिक हाच थर विरघळवते, आणि ते बुडबुडे हायड्रोजनचे होते. थर एकदा गेला की कोणत्याही पॉलिशने तो परत येत नाही. याच कारणासाठी खरखरीत पॉलिश कागद, वाळूचा मारा आणि लोखंडी तारेचा ब्रश या तिन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्यात.

आतला पिवळट हिरवा रंग बहुधा झिंक क्रोमेटचा प्रायमर असावा. तो गंज रोखण्यासाठी लावलेला असतो, म्हणून शाबूत असेल तेथे त्याला हात लावू नये. त्यातील क्रोमियम फुप्फुसांना घातक असून त्याने कर्करोग होतो, हे लक्षात ठेवून तो कोरडा कधीही घासू नये. उंदरांची घाण काढतानाही ती आधी ओली करावी आणि चांगला मास्क लावावा. आईंना त्या दिवशी जवळ येऊ देऊ नये.

रिवेटविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घरी काम करणाऱ्यांचा पत्रा येथेच बिघडतो. १९३४ साली ग्लायडर बनवणारे हॉले बोलस यांनी कॅलिफोर्नियात रोड चीफ नावाची कॅरॅव्हॅन आणली आणि १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीची क्लिपर ही कॅरॅव्हॅन आली, तेव्हापासून अशा गाड्यांची अंगे विमानाच्या धडासारखी बांधली जातात: पत्रा नुसते झाकण नसतो, तोच भार वाहतो. म्हणून जुना रिवेट काढताना भोक मोठे होऊ देऊ नये. डोक्याच्या मध्यावर पंचाने खूण करावी, रिवेटच्या दांड्याएवढ्याच बिटने फक्त डोक्याच्या जाडीइतके ड्रिल करावे, डोके पंचाने तिरके दाबून तोडावे आणि उरलेला दांडा मागे आधार देऊन हलकेच ठोकून काढावा. नवीन भरीव रिवेट ठोकायला दोन माणसे लागतात, एक बाहेर रिवेट ठोकण्याची गन धरणारा आणि दुसरा आत दांड्याच्या टोकाला लोखंडी ठोकळा टेकवणारा. दांडा ३.२ मिलिमीटरचा असेल तर तो आत सुमारे ४.८ मिलिमीटर बाहेर आलेला असावा, आणि ठोकल्यावर आतले डोके दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच व्हावे. पहिले पन्नास रिवेट टाकाऊ पत्र्यावर ठोकून हात बसवावा आणि मगच गाडीला हात लावावा. साधे पॉप रिवेट, म्हणजे एकाच बाजूने बसवायचे पोकळ रिवेट, बाहेरच्या पत्र्यात वापरू नयेत: त्यांच्या मधल्या पोकळीतून पाणी आत जाते आणि आत राहिलेली लोखंडी कांडी गंजते.

फाटलेल्या कडेला त्याच जातीच्या पत्र्याचे ठिगळ लावावे, आणि वरचा पत्रा खालच्यावर कौलासारखा चढलेला राहील असे पाहावे.

ट्रॉली दुरुस्ती, मोहोळ

आमचे काम उसाच्या ट्रॉल्यांचे, परंतु गेल्या काही वर्षांत अशा दोन जुन्या गाड्यांच्या चासी आमच्याकडे आल्या होत्या, त्यावरून लिहितो. सर्वांत आधी चासी क्रमांक कोठे कोरला आहे ते शोधून त्याचे छायाचित्र घ्या. तो भाग कापू नका, घासू नका, रंगाखाली झाकू नका. ट्रेलरलाही नोंदणी लागते, आणि कागद अपुरे असतील तर पैसे खर्च करण्याआधी आरटीओत जाऊन काय पूर्तता करावी लागेल ते लेखी विचारून घ्यावे. क्रमांक पुसल्यामुळे तयार झालेली गाडी मालकाच्या अंगणात अडकून पडलेली मी पाहिली आहे.

मागच्या कोपऱ्यातील प्लायवूड दबते, ही बाब आपण मानता त्याहून गंभीर असू शकते. या गाड्यांत तळाचे प्लायवूड चासी आणि वरचे अंग यांच्या मध्ये दाबून बसवलेले असते आणि बोल्ट त्यातूनच खाली जातात. प्लायवूड कुजले की बोल्ट नुसता नावाला उरतो आणि अंग चासीपासून सुटते. एका माणसाला मागच्या बंपरवर उभे राहून हलके हेलकावे द्यायला सांगा आणि आपण बंपर व पत्रा यांच्यामधील फटीकडे पाहत राहा. बंपर खाली जातो आणि पत्रा जागेवर राहतो असे दिसले, तर जोड सुटला आहे.

अंग न उचलता प्लायवूड बदलता येते. मात्र एका वेळी एकच भाग काढावा, दार व खिडक्या बंद ठेवाव्यात आणि आतून लाकडी टेकू आडवे-उभे मारून अंगाचा आकार धरून ठेवावा. चासीला वेल्डिंग करायचे असेल तर ते जुने प्लायवूड काढून झाल्यावर आणि नवे बसवण्याआधी करावे. नवे प्लायवूड आयएस ७१० शिक्क्याचे मरीन, १८ मिलिमीटरचे घ्यावे, आणि कापलेल्या कडा व बोल्टची भोके इपॉक्सीने भिजवून वाळवावीत, कारण पाणी कडेतूनच शिरते. टिकाऊ म्हणून तांब्याच्या क्षाराने प्रक्रिया केलेले हिरवट लाकूड कोणी सुचवले तर घेऊ नये: ओल आली की त्यातले तांबे अ‍ॅल्युमिनियमला खाते. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम जेथे टेकतात तेथेही ओलीत हीच क्रिया होते, म्हणून चासीला इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि मध्ये रबराची पट्टी घालावी. बेअरिंग, पाट्यांच्या स्प्रिंगा आणि टायर बदलायचेच, असे धरून चालावे. झाडाखाली उभ्या राहिलेल्या टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी त्यावर आईंना बसवून नेऊ नये.

निवारा, पुणे

नाशिकच्या काकांनी आणि मोहोळच्या दादांनी लिहिले आहे ते सर्व बरोबर आहे. मी त्याच्याही आधीची एक पायरी सांगते. आम्ही आमच्या गाडीला आधी नवीन प्लायवूड घातले आणि गळती नंतर शोधली, त्यामुळे एका पावसाळ्यात नवा तळ भिजला. आपली ग्लासवूल ओली निघाली म्हणजे पाणी आजही आत येते आहे. ते कोठून येते हे डोळ्यांनी कळत नाही, कारण पाणी छताच्या फासळीवरून वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकते. यावर खात्रीचा उपाय असा: दार व खिडक्या बंद करून एका खिडकीत पुठ्ठ्याच्या चौकटीत ब्लोअर बसवावा आणि हवा आत भरत राहावी, त्याच वेळी बाहेरून प्रत्येक जोडावर, प्रत्येक रिवेटवर आणि छतावरील झडपेभोवती साबणाचे पाणी फवारावे. फट असेल तेथे फुगे येतात. तेथे पेन्सिलीने गोल करून ठेवावा.

या फटी भरायला सिलिकॉन वापरू नये. एकदा ते लागले की त्याचा अंश पत्र्यावर राहतो आणि त्यावर पुढे दुसरे काहीच धरत नाही. पॉलियुरेथेन सीलंट घ्यावे, आणि खिडक्यांच्या चौकटींखाली ब्युटिल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, लावावी. भराव लवचीक हवा याचे कारण सोलापूरचे ऊन आहे. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर १८ फूट अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ चार मिलिमीटर वाढते आणि तेवढेच लोखंड साधारण दोन. आपल्याकडे एप्रिलमध्ये पहाटे आणि दुपारी हा खेळ रोज चालणार, आणि कडक होणारा कोणताही भराव तडकणार. जुनी ग्लासवूल काढलीच आहे तर पुन्हा तीच घालू नये. बंद छिद्रांचा फोम पाणी धरत नाही.

पॉलिशबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. आरशासारखा पत्रा टिकवायला दरवर्षी घासावे लागते, आणि प्रत्येक घासणीत त्या ०.०४ मिलिमीटरमधले थोडे जाते. आम्ही आमची गाडी करडीच ठेवली, फक्त सौम्य साबणाने धुतो. मला ती तशीच आवडते.

पत्राकाम, नाशिक

करडी ठेवावी हे मत मला मान्य आहे, कारण तो करडा थर ऑक्साइडचा असून पत्र्याचे रक्षणच करतो. तरीही आपण उजळायचे ठरवल्यास ते सर्वांत शेवटी, सावलीत किंवा पहाटे करावे. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लावताक्षणी वाळून बसते. मेंढीच्या लोकरीचे पॅड आणि कमी वेगाचे यंत्र वापरावे. जो काळा चिकट मळ सुटतो तो मैदा भुरभुरवून मऊ कापडाने पुसला की स्वच्छ निघतो. कॉस्टिकची जागा भरपूर पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, विशेषतः जोडांच्या फटींत ते उरता कामा नये.

वायरिंग, जुळे सोलापूर

एकच सूचना करतो, पण ती टाळू नये. घरून २३० व्होल्टची जोडणी देणार असाल तर संपूर्ण पत्रा अर्थिंगला जोडलेला असावा आणि आत येणाऱ्या मुख्य तारेवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. वायर कोठेही पत्र्याच्या भोकातून नागडी नेऊ नये. तेथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारे कडे, बसवावा. वायर घासली गेली तर सबंध गाडीत वीज उतरते, आणि पावसात ओल्या पायाने दाराची कडी धरणाऱ्याच्या जिवावर बेतते.

सूतरंगारी, सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मी तीन दिवसांत तीन गोष्टी केल्या. चासी क्रमांक गाडी मोटारीला जोडायच्या पुढच्या हुकामागे, उजव्या पट्टीवर सापडला. त्याचे छायाचित्र घेऊन आरटीओत विचारणा केली आहे. बंपरवर धाकट्या भावाला उभे केले तेव्हा डाव्या बाजूची फट माझी करंगळी जाईल एवढी उघडली आणि मिटली, तेव्हा मोहोळच्या दादांचा अंदाज खरा ठरला. आज पहाटे ब्लोअर लावून साबणाचे पाणी मारले. दाराजवळच्या गळतीचा उगम दारात नाहीच. तो छतावरील झडपेच्या पुढच्या कडेला आहे, आणि मागच्या खिडकीवरील ओळीत सलग अकरा रिवेटभोवती फुगे आले. वाटीत साबण कालवून देण्याचे काम आईने केले आणि एका रिवेटभोवतीचा फुगा मला दिसण्याआधी तिला दिसला.

दोन अडचणी उरल्या आहेत. अल्क्लॅड जातीचा ०.८ मिलिमीटरचा पत्रा सुटा, एखाददुसरा ताव, पुणे किंवा नाशिक येथे मिळू शकेल काय? आणि मागच्या खिडकीच्या त्या ओळीत आतून ठोकळा टेकवायला हात पोहोचत नाही, कारण आडवी फासळी मध्ये येते. ती फासळी तात्पुरती सोडवावी, की ठोकळ्यालाच वाकडा दांडा जोडून घ्यावा, हे नाशिकच्या काकांनी सांगितल्यास येत्या रविवारी काम सुरू करीन.