शेतकऱ्याला चांगला भाव देणे ही कंपनीची सामाजिक जबाबदारी का मानली जात नाही?

कोरडवाहू: कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कार्यावर खर्चायचे असतात. विदर्भातील कापसाला दिलेला वाढीव भाव त्यात का धरत नाहीत?

ताळेबंद: नेहमीच्या व्यवसायातील खर्च नियमांनीच वगळला आहे, आणि कापूस खरेदी हा सूतगिरणीचा व्यवसायच आहे. त्यामुळे पैसा शेततळी, बंधारे, प्रशिक्षण यांकडे वळतो. ती कामे उपयोगी असली तरी भावाचा प्रश्न तसाच राहतो.

सह्यवासी: घाना आणि आयव्हरी कोस्ट यांनी २०२०-२१ च्या हंगामापासून कोकोच्या प्रत्येक टनामागे खरेदीदार कंपन्यांवर ४०० डॉलरचा अधिभार लावला, म्हणजे शेतकऱ्याला वाढीव भाव मिळावा. चॉकलेट कंपन्यांनी बांधलेल्या शाळांपेक्षा मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. मात्र खरेदीदारांनी दर्जापोटीचा जादा दर घटवल्याने त्याचा लाभ बराच आटला.