गुणवत्ता नियंत्रणातील नोकरी : आपापले अनुभव सांगावेत

जुना_गेजवाला
गेल्या आठवड्यात माळा आवरताना माझा पहिला मायक्रोमीटर (बारीक मापे घेण्याचे हातातले उपकरण) लाकडी डबीसकट सापडला आणि त्याचे रॅचेट फिरवताच १९९४ सालचे भोसरीतले दिवस आठवले. ग्राइंडिंगवरून उतरलेले शाफ्ट हाताला कोमट लागत असतानाच मी मोजले, माप मर्यादेबाहेर दिसले म्हणून अख्ख्या ट्रेला लाल खूण केली आणि मोठ्या ऐटीत साहेबांना बोलावले. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस असते आणि ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट वीस अंशांनी तापला तर सुमारे ११ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) फुगतो, हे मी पदविकेच्या परीक्षेत लिहून आलो होतो. दुपारी तेच नग थंड झाल्यावर पास झाले आणि पुढे महिनाभर ऑपरेटर मला 'डॉक्टर, ताप बघा' अशी हाक मारत होते. यंदा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली माझी भाची 'मामा, क्यूसीत (गुणवत्ता नियंत्रणात) जाऊ का?' असे विचारते आहे. मला तिच्या क्षेत्रातले काही कळत नाही, म्हणून आपण लिहावे.

बोईसरकर
भाचीने अवश्य यावे, पण क्यूसी म्हणजे एसी खोलीत बसून यंत्राचे बटण दाबणे, असा समज असेल तर तो घरी ठेवून यावे. औषध कंपनीत आमचा निम्मा दिवस एचपीएलसीपुढे (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रापुढे) जातो आणि उरलेला नोंदी लिहिण्यात, कारण जे काम केले पण लिहिले नाही ते तपासनीसाच्या लेखी झालेलेच नसते. माझा एक निकाल पहिल्या वर्षी मर्यादेबाहेर आला, तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने 'नमुना यंत्रात पुन्हा इंजेक्ट कर, येईल बरोबर' असा सल्ला दिला; तो न ऐकता मी वरिष्ठांना कळवले आणि तपासात माझीच डायल्यूशनमधली (नमुना पातळ करण्यातली) चूक निघाली. ओरडा खाल्ला, परंतु ऑडिट ट्रेलमध्ये (संगणकात आपोआप राहणाऱ्या प्रत्येक कृतीच्या नोंदीत) लपवाछपवी सापडली असती तर नोकरीच गेली असती. अनुभव जमल्यावर अन्न व औषध प्रशासनाकडून मान्यताप्राप्त केमिस्ट होण्याचा प्रयत्न करावा, त्याने नोकरी बदलताना बराच फरक पडतो.

साय_नको
आमच्या दूध संकलन केंद्रात एचपीएलसी नाही. १० मिली सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज, एवढाच दुधातले फॅट मोजण्याच्या गर्बर पद्धतीचा संसार. आता बहुतेक ठिकाणी यंत्र आले असले तरी वाद झाला की हीच चाचणी होते. फॅटवर भाव ठरतो, त्यामुळे खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या सख्ख्या चुलत्याला कमी आकडा सांगता आला पाहिजे. मी सांगितला होता आणि दिवाळीत त्यांनी मला फराळाला बोलावले नाही.

बोईसरकर
@साय_नको, ब्युटिरोमीटर (गर्बर चाचणीच्या काचेच्या नळ्या) धुण्याचे काम तुमच्याकडेही सर्वांत नव्या माणसाच्याच गळ्यात पडते का?

साय_नको
दुसऱ्या कोणाच्या पडणार? मी दोन वर्षे धुतले.

ओतकाम
इतरांपेक्षा माझा अनुभव कडू आहे. मी ज्या लहान फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) होतो तिथे पंचवीस तारखेपर्यंत गुणवत्ता सर्वांना प्रिय असे आणि त्यानंतर फक्त डिस्पॅच. नगात ब्लोहोल (वायूमुळे राहिलेल्या पोकळ्या) दिसत असताना 'माल जाऊ द्या' म्हणून फोन यायचा आणि रिपोर्टवर सही मात्र माझी असायची. शेवटी ती नोकरी सोडून मी अल्ट्रासॉनिक व पेनिट्रंट चाचणीचे (नग न तोडता ध्वनिलहरींनी आणि रंगीत द्रवाने दोष शोधण्याचे) लेव्हल दोनचे प्रमाणपत्र घेतले, आणि आता वेल्डिंगचे सांधे तपासतो. प्रवास फार होतो, जेवणाचे हाल होतात, पण सही करताना हात थरथरत नाही.

जुना_गेजवाला
सर्वांचे आभार. भाचीने हे सगळे वाचले आणि तिचा एकच प्रश्न आहे : औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी करावी लागते का?

बोईसरकर
कंपनीवर अवलंबून आहे. मुलाखतीतच पाळ्यांविषयी, कंपनीची बस दारापर्यंत येते का याविषयी आणि एका ॲनालिस्टकडे किती एचपीएलसी सोपवतात याविषयी स्पष्ट विचारावे. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला, तर सुट्या विसराव्यात.