अनुभव धागा : ऑफिसला आणि ऑटोक्रॉसला जाणाऱ्या एकाच गाडीसाठी चाके आणि टायर

पाच दिवस ऑफिसला आणि रविवारी ऑटोक्रॉसला एकच गाडी नेणाऱ्यांसाठी हा धागा उघडत आहे. ज्यांनी ऑटोक्रॉस पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोकळ्या पटांगणावर शंकू मांडून वळणावळणांची वाट आखतात, तिच्यावर एका वेळी एकच गाडी सोडतात आणि तिची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. अमेरिकेत शंकू पडला की दोन सेकंद वाढतात. फेरी जेमतेम मिनिटभराची असते. वेग फार नसतो, पण वळणे आणि ब्रेक सतत असतात, त्यामुळे इंजिनापेक्षा टायरची परीक्षा अधिक होते, आणि तेच टायर सोमवारी पावसात, थंडीत, खड्ड्यांत चालवायचे असतात. लिहिताना गाडी, मूळ माप, बदललेले माप आणि गाव एवढे जरूर द्यावे, कारण रस्ता आणि हवामान कळल्याशिवाय एकाचा सल्ला दुसऱ्याच्या कामी येत नाही.

सुरुवात माझ्यापासून करतो.

मिशिगन, डेट्रॉईटजवळ, सुबारू बीआरझेड, २०१३

कंपनीकडून आलेली रिम १७ इंची, ७ इंच रुंद, ४८ मिलिमीटर ऑफसेटची (ऑफसेट म्हणजे चाक गाडीला जिथे टेकते ती बैठक रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे ते अंतर) आणि टायर २१५/४५ आर १७ (२१५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, १७ इंची रिमसाठी). पहिल्या वर्षी मी आधी रिम पसंत केली आणि मग तिच्यात बसणारा टायर शोधला. ती १८ इंची रिम देखणी होती, पण वजनकाट्यावर ठेवल्यावर मूळ रिमपेक्षा सुमारे दीड किलो जड भरली, आणि मार्च महिन्यात बर्फ वितळून रस्त्याला जे खड्डे पडतात त्यांत दोन रिम वाकल्या. दुसऱ्या वर्षी क्रम उलटा केला : आधी टायर ठरवला, मग त्याला लागेल तेवढीच रिम घेतली.

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या स्ट्रीट वर्गात टायरचा ट्रेडवेअर अंक (टायर किती टिकेल याचा अंदाज देणारा, साइडवॉलवर म्हणजे टायरच्या बाजूवर छापलेला आकडा) किमान २०० असावा लागतो, रिमची रुंदी मूळ गाडीइतकीच ठेवावी लागते, व्यास एक इंचाने कमी-जास्त चालतो आणि ऑफसेट ७ मिलिमीटरपर्यंत बदलता येतो. मला २२५/४५ चा टायर ८ इंची रिमवर हवा होता, म्हणून तो वर्ग सोडावा लागला. तो निर्णय मी समजून-उमजून घेतला. ट्रेडवेअरचा अंक टायर बनवणारी कंपनी स्वतःच्या चाचणीवरून स्वतःच ठरवते, त्यामुळे २०० अंकाचे दोन टायर सारखेच झिजतील किंवा सारखेच पकडतील असे मुळीच नाही. योकोहामाचा ए०५२ आणि हँकूकचा आरएस४ हे दोन्ही २०० चेच आहेत. पहिला थंड असतानाही रस्त्याला चिकटतो पण लवकर संपतो, दुसऱ्याला तापायला वेळ लागतो पण तो कितीतरी अधिक टिकतो. रोज ६० किलोमीटर जाणाऱ्या मला दुसरा परवडला.

रिम निवडताना कागदावर हिशेब केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझी नवी रिम ८ इंच रुंद आणि ४५ ऑफसेटची आहे. रुंदी एक इंच वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर वाढली. ऑफसेट ३ मिलिमीटरने कमी झाल्यामुळे संपूर्ण चाक तेवढे बाहेर सरकले. म्हणजे बाहेरची कड १५.७ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड ९.७ मिलिमीटर आत गेली. आतल्या बाजूला शॉकअबसॉर्बर आणि टायर यांच्यात किती जागा आहे हे मी गाडी जॅकवर घेऊन, बोट घालून आणि मग पट्टीने मोजून पाहिले आणि नंतरच मागणी नोंदवली.

मूळ चाकांवर हिवाळी टायर चढवले आहेत. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते, आणि कडाक्याच्या थंडीत २०० अंकाचा टायर हलवल्यानेही तडकू शकतो, म्हणून तो संच नोव्हेंबर ते एप्रिल घराच्या तळघरात असतो.

न्यू जर्सी, होंडा सिव्हिक एसआय

माझ्या घरी दुसरा संच ठेवायला जागा नाही, त्यामुळे वसंतापासून पानगळीपर्यंत एकाच टायरवर सगळे भागवावे लागते. मूळ माप २३५/४० आर १८ आहे आणि ते मी बदललेले नाही. आधी २०० अंकाचा टायर होता. अर्ध्याहून जास्त झिजलेला असताना एका संध्याकाळी गार्डन स्टेट पार्कवेवर मोठा पाऊस लागला. उजव्या मार्गिकेत पाणी साचलेले होते. स्टिअरिंग क्षणभर एकदम हलके पडले, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी कुणाचेच ऐकेना. ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलला, दोन-तीन सेकंदांनी टायर पुन्हा रस्त्याला टेकले. शेजारी माझी मुलगी बसली होती.

त्या आठवड्यात मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस घेतले, ज्यांचा अंक ३०० आहे. ऑटोक्रॉसला माझी वेळ मागे गेली, हे मान्य आहे. पण नक्षीची खोली आता ४ मिलिमीटरवर आली की मी नवे टायर घेतो, १.६ मिलिमीटरची कायदेशीर मर्यादा येईपर्यंत थांबत नाही.

पुणे, पिंपरी; मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय

आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुधा मातीच्या मैदानावर होतो, हे वरील दोघांनी लक्षात घ्यावे. माझ्या गाडीला १४ इंची लोखंडी चाके आणि १६५/८० आर १४ टायर होते. वळणावर टायर अगदी मुडपत असे. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात होंडा सिटीच्या १५ इंची अलॉय व्हील्स चांगल्या भावात मिळाल्या. पीसीडी, म्हणजे नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा मिलिमीटरमधला व्यास, दोन्ही गाड्यांची ४ बाय १०० असल्याने त्या बसल्या, आणि बसल्या म्हणजे जमले अशी माझी समजूत झाली.

द्रुतगती मार्गावर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले. तीन वेळा बॅलन्सिंग केले, प्रत्येक वेळी थोडी अधिक वजने चिकटवली गेली आणि थरथर तशीच राहिली. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी चाक उतरवून हबवर (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसते त्यावर) नुसते टेकवले आणि हाताने वर-खाली हलवून दाखवले. सिटीच्या रिमचे मधले भोक ५६.१ मिलिमीटरचे आणि स्विफ्टचा हब ५४.१ चा. दोन मिलिमीटरच्या त्या फटीमुळे चाक दर वेळी वेगळ्या जागी बसत होते. मग ते म्हणाले, “साहेब, आता नट बघा.” रिमच्या नटाच्या भोकात कडेला एक बारीक चकाकती रेघ उमटलेली होती, बाकी सगळा भाग मळकट होता. होंडाच्या मूळ रिमला गोल बुडाचा नट लागतो आणि स्विफ्टचा नट शंकूच्या आकाराचा असतो. म्हणजे संपूर्ण बैठक न मिळता नट फक्त त्या रेघेवर टेकला होता, आणि तशा चाकांवर मी मैदानात वळणे घेत होतो. होंडाचे नट स्विफ्टला लावावेत तर आटे वेगळे : दोन आट्यांमधले अंतर सुझुकीचे १.२५ मिलिमीटर आणि होंडाचे १.५. जबरदस्तीने फिरवले असते तर बोल्टच खराब झाले असते.

हबसाठी रिंग मिळाल्या, पण १.२५ आट्यांचे गोल बुडाचे नट मला पुण्यात मिळाले नाहीत. मी त्या चाकांचा नाद सोडला आणि स्विफ्टच्याच झेडएक्सआय या वरच्या प्रकाराची चाके घेऊन त्यांवर त्या प्रकाराच्या मूळ मापाचे १८५/६५ आर १५ टायर चढवले. एकूण व्यासात जेमतेम २ मिलिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे स्पीडोमीटरचाही प्रश्न आला नाही.

पुणे, कोथरूड, फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय

पिंपरीकरांच्या अनुभवाला जोडून लिहितो. माझे मूळ माप १८५/६० आर १५. सोळा-सतरा इंची रिमचा आग्रह सगळीकडून झाला, पण साइडवॉल जितकी कमी तितका खड्ड्याचा मार थेट रिमला, हे एका मित्राच्या टायरला लिंबाएवढा फुगा आलेला पाहिल्यावर पटले. मी १९५/६० आर १५ घेतले. व्यास ६०३ वरून ६१५ मिलिमीटर झाला, गाडी ६ मिलिमीटर उंच झाली आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा पूर्वीपेक्षा साधारण २ किलोमीटर अधिक वेग असतो. इंजिनाची ओढ किंचित मंदावली, ती मला चालते.

मातीच्या मैदानावरून आल्यावर चाके आतून धुवावीत. रिमच्या आतल्या काठाला चिकटलेला चिखल वाळला की सोमवारी गाडी थरथरते आणि अलाइनमेंट बिघडले असे वाटू लागते.

कॅलिफोर्निया, सॅन होजे, माझदा एमएक्स-५

दुसरा संच न्यायला या गाडीत जागाच नाही, त्यामुळे ज्या टायरवर घरून निघतो त्यांवरच भाग घेतो : १९५/५० आर १६, ब्रिजस्टोन आरई-७१आरएस. इथे थंडी सौम्य आहे आणि उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाही, म्हणून हे जमते.

टायरमधल्या हवेविषयी कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. सुरुवातीला मी समजून घेण्याआधीच दुसऱ्यांचे आकडे उचलत असे. आता पुढच्या टायरच्या खांद्यावर, साइडवॉलपासून नक्षीपर्यंत, खडूच्या तीन आडव्या रेघा मारतो. फेरी संपली की खडू कुठपर्यंत पुसला हे पाहतो. खांद्यावरच्या छोट्या त्रिकोणापर्यंत पुसला असेल तर हवा ठीक आहे. त्रिकोणाच्या खाली साइडवॉलवर गेला असेल तर टायर मुडपतो आहे, हवा दोन पीएसआयने (दाबाचे एकक) वाढवायची. त्रिकोणाच्या बरीच वर खडू शिल्लक असेल तर हवा कमी करायची. परतताना पार्किंगमध्येच हवा पुन्हा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यावर आणतो, अर्थात टायर निवल्यावर.

पिंपरी, पुन्हा एकदा

एक गोष्ट लिहायची राहिली होती. झेडएक्सआयच्या चाकांसाठी टायर घेताना साइडवॉलवरचे चार आकडे दुकानातच वाचले. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. तीन टायर एकाच महिन्यातले निघाले, चौथा अडीच वर्षे जुना होता आणि त्याचे रबर नखाने दाबल्यावर बाकीच्यांपेक्षा टणक लागत होते. तो उतरवून बदलून मिळेपर्यंत दीड तास गेला.