पाकिस्तानी मैत्रिणी, सहकारी, शेजारणी: तुमचे अनुभव लिहा

बातम्यांतला पाकिस्तान म्हणजे सीमा, क्रिकेट आणि लष्कर. तिथल्या बायका शिकतात कशा, नोकऱ्या टिकवतात कशा, हे कळतं ते परदेशात शेजार लाभला की. तुमच्या ओळखीतलं लिहा. नावं नकोत, फॉरवर्ड तर नकोतच.

भूलतज्ज्ञ, बर्मिंगहॅम

आमच्या विभागात कराचीत एमबीबीएस झालेली एक जण आहे. तिच्या वर्गात मुलीच जास्त होत्या आणि तिकडे मेडिकलला हे नेहमीचंच. 2014 मध्ये तिथल्या मेडिकल कौन्सिलने मुलींचे प्रवेश निम्म्यावर रोखायचा घाटही घातला होता. कारण काय, तर शिकतात आणि घरी बसतात. बसतात की बसवतात, हे कोण विचारणार! स्थळं येतात ती 'डॉक्टर बहू' हवी म्हणून आणि लग्न झालं की दवाखान्याचं नाव काढायचं नाही.

हिचंही तेच झालं. नवऱ्यामागे इथे आली, मुलं झाली, मग परदेशी डॉक्टरांना इथे द्यावी लागणाऱ्या प्लॅब परीक्षेचं मनावर घेतलं. तिच्या ओट्यावरच्या कपाटांना आतून औषधांच्या मात्रांचे कागद चिकटवलेले मी पाहिलेत. मसुराचा डबा काढताना एक नजर, परत ठेवताना दुसरी. सासूबाई राहायला आल्या की कागद गायब. पास झाल्यावर मिठाई मात्र सासूबाईंनीच वाटली, "हमारी बहू डॉक्टर है" म्हणत!

दोहा

वरचा अनुभव खरा असेल, पण माझी इस्लामाबादची सहकारी अशा गोष्टींना वैतागते. "तुम्हा लोकांना मलालापुढे काही माहीतच नाही," म्हणते. बेनझीर 1988 मध्ये पंतप्रधान झाल्या, निगार जोहर 2020 मध्ये लेफ्टनंट जनरल, आयेशा मलिक 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पहिल्या महिला न्यायाधीश. यादी तोंडपाठ आहे तिची. मी एकदा विचारलं, माहेरी कामाला येणाऱ्या बाईच्या मुली शाळेत जातात का? त्यावर बाईसाहेब चहा आणायला उठल्या. वरच्या वर्गातली बाई तिकडे कुठेही पोचू शकते, खालचीला पाचवीसुद्धा पार करणं कठीण, असं माझं मत झालंय.

टोरंटो

आमच्या टीममधली टेस्टर स्वातची. जानेवारी 2009 मध्ये तालिबानने तिथल्या मुलींच्या शाळा बंद करायला लावल्या, तेव्हा ही शाळकरी. वडिलांनी तिला पेशावरला मावशीकडे धाडलं. वर्ष वाया गेलं नाही याचाच तिला अभिमान. तालिबानचा विषय काढला की मात्र ती कंटाळते. तिच्या बोलण्यात जास्त येतात त्या लेडी हेल्थ वर्कर. 1994 पासूनची योजना, आपल्या आशाताईंसारखी. आठवी शिकलेली गावातलीच बाई निवडतात. तिची एक चुलती त्यात होती. घरात रोख पगार आणणारी पहिली बाई, म्हणून जमिनीच्या वाटणीतही तिचं मत विचारायला लागले. पोलिओचे डोस पाजताना अशा कित्येकींवर गोळ्या झाडल्या गेल्या, हेही तिनेच सांगितलं.

गिरगाव

अनुभव नाही, भर घालते. जिनांच्या बहीण फातिमा दंतवैद्य होत्या आणि 1923 मध्ये त्यांनी दवाखाना थाटला तो आपल्या मुंबईत. पुढे 1965 च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्या अयूब खान यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. लाहोरचं मुलींचं मेडिकल कॉलेज त्यांच्याच नावाचं.

अकाउंट्सवाली, दुबई

माझी रूममेट लाहोरची, एसीसीए ही अकाउंटन्सीची परीक्षा झालेली. तिच्या मते फी, बुरखा वगैरे नंतर. मुलीचं शिक्षण अडतं ते 'सोडायला कोण जाणार' यावर. कॉलेजला अब्बू मोटरसायकलवरून सोडायचे, ही मागे एका बाजूला पाय सोडून. अब्बू आजारी की दांडी. भावाची परीक्षा असली तरी दांडी. बसमध्ये छेडछाड, रिक्षा परवडत नाही. पंजाब सरकारने 2016 मध्ये बायकांना मोटरसायकल शिकवायची 'विमेन ऑन व्हील्स' योजना काढली, पण हिच्या घरून परवानगी नव्हती.

इथे आल्यावर पहिल्या बचतीतून तिने गाडीचं लायसन्स काढलं. आता धाकट्या बहिणीला लाहोरमध्ये स्कूटी घेऊन द्यायची म्हणते. अब्बू राजी आहेत, भाऊ अडून बसलाय. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर त्यावरून जुंपते आणि मला हेडफोन लावून झोपावं लागतं.