कोल्हापूरचा इतिहास जुन्या छायाचित्रांवरून लिहावा का?

मूळ प्रस्ताव

कोल्हापूरचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास लिहायचा असेल, तर जुन्या छायाचित्रांवर दरबारच्या दप्तराइतकाच विश्वास ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. या शहराने आपली तळी स्वतःच्या हाताने बुजवली. आज जेथे गांधी मैदान आहे तेथे वरुणतीर्थ होते, शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचे तळे होते, आणि कपिलतीर्थाचे तर मंडईपुरते नाव उरले आहे. पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साचले की लोक गटारांना दोष देतात. तेथे मुळात पाण्याचेच घर होते, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. 'येथे तळे होते' हे वाक्य वाचून माणूस पुढे जातो, पण त्याच काठावर धुणे वाळत घातलेले छायाचित्र पाहिले की तो थबकतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायक-नट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचे नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये, पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले ते घर. त्या रात्री मी घरातले अल्बम काढून बसलो. एका स्नेहसंमेलनाच्या फोटोत आमच्या काकांच्या मागे रंगमंचाची एक बाजू स्पष्ट दिसते. काकांसाठी काढलेला तो फोटो आता त्या वास्तूचा पुरावा झाला आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत किती घरांतले अल्बम भिजून एकमेकांना चिकटले असतील, याचा विचार करवत नाही. जे उरले आहे ते गोळा करण्याचे काम आणखी पुढे ढकलता येणार नाही.

प्रतिसाद १ (विरोधी)

आपली तळमळ मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. कॅमेरा कोणाच्या हातात होता, हा पहिला प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात तो दरबाराच्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या आणि त्यांनी बोलावलेल्या व्यावसायिकांच्या हातात होता. त्यामुळे नवा राजवाडा, टाऊन हॉल, शिकारी आणि हत्ती यांची छायाचित्रे मुबलक मिळतात, आणि चांभारवाडा किंवा महारवाडा शोधावा लागतो. शिवाय ओल्या काचेच्या, म्हणजे फिल्मऐवजी ओले रसायन लावलेली काच कॅमेऱ्यात घालण्याच्या, जमान्यात प्रकाशाला कित्येक सेकंद वेळ द्यावा लागे, त्यामुळे चालणारी माणसे काचेवर उमटतच नसत. असे निर्मनुष्य रस्ते पाहून 'तेव्हाचे कोल्हापूर किती शांत होते' असे लिहिणारे मी पाहिले आहेत. ती शांतता कोल्हापूरची नव्हती, काचेची होती.

आता उलट उदाहरण घ्या. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढायला लावले, आणि तेथे थांबून स्वतः चहा घेतला. या शहराच्या सामाजिक इतिहासातला हा मला सर्वांत मोठा प्रसंग वाटतो, आणि तो आपल्यापर्यंत आला आहे तो आठवणींतून आणि लेखनातून. २६ जुलै १९०२ चा आरक्षणाचा जाहीरनामा हाही कागदच आहे. छायाचित्र हाच कणा मानला तर हा सारा इतिहास तळटीपेत जाईल.

काय टिकले याचाही विचार करावा. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा हा चित्रपटांचा स्टुडिओ जळाला. आज जे आपल्या हाती आहे ते महत्त्वाचे होते म्हणून उरले, असे नाही. पुष्कळदा ते केवळ आगीच्या आणि पुराच्या वाटेत आले नाही.

प्रतिसाद २

छायाचित्रांना उलटतपासणीला उभे करता येते, एवढेच मला सांगायचे आहे. नवा राजवाडा १८८४ मध्ये पूर्ण झाला, मिरजेहून रेल्वे १८९१ मध्ये आली, आणि खासबागेजवळचे केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ चे. चित्रात यांतले काय दिसते आणि काय दिसत नाही, यावरून काळाची चौकट बांधता येते. काच उलटी छापली गेली की डावे उजवे होते. पाटीवरची अक्षरे पाहिली की ते कळते. मात्र हल्ली संगणकावर रंगवलेली जी चित्रे फिरतात, ती पुरावा म्हणून कृपया कोणी पुढे करू नयेत. मूळ चित्रात फेट्याचा रंग नसतोच, तो रंगवणाऱ्याच्या कल्पनेतला असतो.

मूळ लेखकाचे उत्तर

निर्मनुष्य रस्त्यांचा मुद्दा मी मान्य करतो. परंतु 'दरबाराचे चित्र म्हणजे फक्त दरबार' हे मला पटत नाही. हत्तीवर कोण बसले आहे हे सोडून हत्तीच्या पायाशी उभा असलेला माहूत पाहावा, त्याचे अनवाणी पाय पाहावेत, कडेला कापली गेलेली पाणक्याची पखाल पाहावी. चित्र काढणाऱ्याने ज्याच्याकडे पाहिलेच नाही, तेही त्याच्या काचेवर उतरते. दप्तरात असे नकळत काही उतरण्याला फार थोडी जागा असते, कारण तेथे प्रत्येक शब्द कोणीतरी ठरवून लिहिलेला असतो.

प्रतिसाद १ च्या लेखिकेचे उत्तर

माहूत दिसतो हे खरे, पण त्याचे नाव कोण सांगणार? आमच्या घरी एक फोटो आहे. नऊवारीतली एक बाई दगडी पायरीवर बसलेली आहे आणि मागे पेन्सिलीने 'आक्का, कोटितीर्थ' एवढेच लिहिले आहे. कोटितीर्थ हे तळे अजून आहे, त्यामुळे जागेबद्दल वाद नाही. ही आक्का कोण, ती तेथे रोज कशासाठी जात असे, आणि तिच्या कपाळावर कुंकू का नाही, हे सांगू शकणारी माझी आत्या आज सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला आता नावे आठवेनाशी झाली आहेत. फोटो उत्तम स्थितीत आहे, तो आणखी वर्षभर कपाटात राहिला तरी चालेल. या रविवारी मी तो आत्याच्या हातात देणार आहे आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घेणार आहे.