शब्दचर्चा : नवीकरण, नूतनीकरण आणि रूपांतर

प्रश्न : बायबलच्या नव्या करारात पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायातील दुसऱ्या वचनात ‘आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या’ असे शब्द आहेत. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळासाठी आम्ही प्रार्थनापत्रिका तयार करीत आहोत. ‘नवीकरण’ हा शब्द जड वाटतो, म्हणून तेथे सर्वांच्या तोंडी असलेला ‘नूतनीकरण’ छापावा, असे आमच्या वसईच्या तरुण मंडळाचे मत आहे. दोन्हींचा अर्थ एकच नव्हे काय?

उत्तर : ‘नव’ आणि ‘नूतन’ हे दोन्ही शब्द संस्कृतातून आले आहेत आणि कोशात त्यांचा अर्थ एकच मिळेल. वापर मात्र वेगळा आहे. आपल्या किनाऱ्यावर ‘नूतनीकरण’ म्हटले की मासेमारीचा परवाना किंवा बोटीचा विमा आठवतो. परवान्याचे नूतनीकरण झाले म्हणजे त्याची मुदत वाढते. ज्याच्या नावे तो आहे त्या माणसात काही बदलावे लागत नाही. पौलाला नेमके याच्या उलट म्हणायचे आहे, म्हणून माझे मत ‘नवीकरण’ राखावे असे आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘आनाकाइनोसिस’ असा आहे. त्यातील ‘काइनोस’ म्हणजे गुणाने नवा, आणि ‘नेओस’ म्हणजे काळाने नवा, नुकताच झालेला, असा भेद साधारणपणे करतात. नव्या करारात तो सर्वत्र काटेकोरपणे पाळलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. याच शब्दाचे क्रियापद करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (४:१६) येते : बाह्य देह क्षय पावत असला तरी अंतरात्मा ‘दिवसेंदिवस नवा होत आहे’. म्हणजे हे काम एका दिवसात आटोपणारे नाही.

ज्यांनी वसईच्या पाचूबंदरला १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात वर ओढलेली लाकडी बोट जवळून पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. तळाला चिकटलेले शिंपले खरवडून काढतात, फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस उपसून नवा ठासतात, आणि एखादी फळी बोटाने दाबली असता भुसभुशीत लागली तर वरून रंग न देता ती फळीच काढून टाकतात. कचेरीत परवान्यावर शिक्का बसतो तेव्हा यातले काहीच घडत नाही. तरुण मंडळाला ‘नवीकरण’ समजावून सांगायचे असेल, तर ही फळी दाखवावी.

आता ‘रूपांतर’. या शब्दातील ‘अंतर’ म्हणजे अंतरंग, असे काही प्रवचनांत सांगितले जाते. हेतू चांगला असला तरी व्युत्पत्ती तशी नाही. ‘भाषांतर’ म्हणजे दुसरी भाषा, ‘देशांतर’ म्हणजे दुसरा देश, तसे ‘रूपांतर’ म्हणजे दुसरे रूप. आतून बदल होण्याचा अर्थ त्या वचनात ‘मनाच्या’ या शब्दाने आलेला आहेच. तो ‘अंतर’मधून ओढून काढण्याची गरज नाही. मूळ ग्रीक क्रियापद नव्या करारात चारच ठिकाणी येते, आणि त्यांपैकी दोन ठिकाणी ते डोंगरावर शिष्यांदेखत येशूचे रूप पालटल्याच्या वर्णनात आहे. ६ ऑगस्टला आपण ज्या घटनेचा सण पाळतो, तिच्यासाठी वापरलेला शब्द पौल साध्या विश्वासणाऱ्यांसाठी वापरतो. मला स्वतःला या वचनातील ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते, आणि ती ‘सुधारणा’ किंवा ‘बदल’ अशा सोप्या शब्दांत हरवते. ‘कात टाकणे’ हा वाक्प्रचारही येथे चालणार नाही, कारण कात टाकल्यावर साप तोच राहतो.

पुढचा प्रश्न : मग ‘पश्चात्ताप’ हा शब्द तरी पुरेसा आहे का?

उत्तर : तो रूढ आहे आणि राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, तो कानावर पडला की मन हलते, म्हणून बदलू नये. मात्र पश्चात् म्हणजे नंतर, आणि ताप म्हणजे मनाला होणारा त्रास, म्हणून हा शब्द मागे पाहणारा आहे, तर ज्याच्यासाठी तो वापरतात त्या ‘मेटानोइया’ या मूळ ग्रीक शब्दात ‘नूस’, म्हणजे मनच, आहे आणि ते पालटण्यावर भर आहे. पत्रिकेत शब्दाशेजारी ‘मन वळवून देवाकडे फिरणे’ एवढा खुलासा छापला तरी पुरे.

आणखी एक विनंती आहे. पत्रिकेच्या मसुद्यात ‘रूपांतर करा’ असे टंकित झाले असेल, तर ते ‘होऊ द्या’ असे दुरुस्त करावे. मूळ क्रियापद आज्ञार्थी असूनही कर्मणी आहे : करणारा देव आहे, आणि माणसाने त्याला आपल्यात काम करू द्यायचे आहे.